लॉग सांभाळणाऱ्या बॉक्सचंच दार उघडं, घेण्याआधी हे वाचा

शिरोली एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीत फायरवॉल, स्विच, सर्व्हर सगळ्यांचे लॉग, म्हणजे कोण कधी आलं, काय केलं याच्या नोंदी, एका जागी ठेवायला हे अप्लायन्स (तयार बॉक्स) घेतलं, चार महिने झाले. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात, ते काम चोख करतंय, सर्च पण लै फास्ट.

पण लॉगिन! परवा एका रिपोर्टची लिंक कॉपी केली, लॉगआउट केलं, इनकॉग्निटोमध्ये पेस्ट केली आणि रिपोर्ट सरळ उघडला की, पासवर्ड विचारलाच नाही, व्हीपीएनवरून कोण कधी आलं, कुठल्या आयपीवरून, युजरनेम, सगळं समोर. घामच फुटला मला. अहो, आत शिरलेला माणूस आधी लॉगच पुसायला बघतो, आणि त्याच कपाटाला कडी नाही म्हणजे काय? वर कंपनीकडून आलेला अॅडमिन पासवर्ड बदलायची सक्तीही नाही.

सिसलॉग, म्हणजे मशीननी बॉक्सकडे लॉग पाठवायची पद्धत, साधं यूडीपी ५१४ पोर्टवर घेतलं तर पाठवणारा खरा कोण हे तपासलंच जात नाही, कुणीही खोटी नोंद घुसवू शकतो. टीएलएसवालं, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवणारं, ६५१४ पोर्ट यात आहे, पण बंद करून देतात, आपणच शोधून चालू करायचं.

डीलरला फोन केला तर म्हणाला, "साहेब, तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये कोण येतंय?" येतात ओ, एएमसीवाले, म्हणजे देखभालीच्या कंत्राटाची बाहेरची माणसं, रोज लॅपटॉप लावतात.

सध्या बॉक्स वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) टाकलाय, फक्त माझ्या मशीनला परवानगी. हे दुरुस्त करणारं नवं फर्मवेअर (बॉक्सचं आतलं सॉफ्टवेअर) येईपर्यंत दोनच स्टार.