मिनी ६.५०: प्रोटोटाइप की सीरीज?

मिनी ६.५० ही छोटी शिडाची शर्यतीची होडी. तिचे दोन प्रकार: प्रयोग म्हणून वेगळी घडवलेली प्रोटोटाइप आणि एकाच साच्यातून अनेक बनणारी सीरीज. लांबी दोन्हींची साडेसहा मीटरच, आणि दोन्हींत बसून अटलांटिक एकट्यानेच ओलांडायचा.

प्रोटोटाइप म्हणजे तरंगती प्रयोगशाळा. कार्बनची डोलकाठी, वारा येतो त्या बाजूला कलवता येणारी कील, म्हणजे होडीला तोलून धरणारं तळाचं जड पातं. २०११ मध्ये फ्रेंच नाविक-रचनाकार डेव्हिड रेझों बोथट, रुंद नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) ‘मॅग्नम’ घेऊन मिनी ट्रान्सॅट ही या होड्यांची अटलांटिकपार शर्यत जिंकला आणि टोकदार नाळच वेगवान हा समज मोडला. रुंद नाळ लाटेत रुतण्याऐवजी वर उचलली जाते, होडी कलली की तिला आधार देते. किती सुंदर कल्पना! पुढे ती सीरीज होड्यांतही आली.

सीरीजची कील स्थिर, डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची. वेग थोडा कमी, बिघडण्याजोगे भागही कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याने सीरीजच घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. सॅटेलाइट फोन नाही, हवामान फक्त रेडिओवर, झोप तुकड्यातुकड्यांत. त्यात कील सांभाळायचं आणखी एक काम कशाला?