वार्तापत्राची नोंदणी आणि मन वळवण्याचं मानसशास्त्र: कित्येक महिने वापरल्यावर

संकेतस्थळावरून ईमेल वार्तापत्राला वाचक मिळावेत म्हणून मन वळवण्याची बहुतेक प्रसिद्ध तत्त्वं मी एकेक करून वापरली. माझ्यापुरता निकाल स्पष्ट आहे: नोंदणी वाढवणाऱ्या युक्त्या पुष्कळ आहेत, वाचक टिकवणाऱ्या मोजक्याच.

सर्वांत जास्त फळला तो छोटा होकार. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला होता. 'गाडी जपून चालवा' असा भलामोठा, बेढब फलक अंगणात लावू द्याल का, असं थेट विचारल्यावर साधारण १७ टक्के लोक तयार झाले. आधी त्याच विषयाची लहानशी पाटी लावून घेतलेल्यांपैकी मात्र ७६ टक्के. म्हणून मी ईमेलचा रकाना आधी दाखवतच नाही. पहिल्यांदा फक्त विचारतो, 'यातलं काय वाचायला आवडेल?' पर्याय निवडला की मग पत्ता मागतो. नोंदणी वाढलीच, पण निवडलेल्या विषयावरचाच पहिला अंक पाठवता आला, याचा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. प्रश्न विचारून पुढे सगळ्यांना एकच मजकूर धाडायचा असेल, तर विचारूच नये.

परतफेडीचं तत्त्व, म्हणजे आधी काही मिळालं की आपणही काही द्यावंसं वाटणं, बहुतेक जण उलटं वापरतात. 'पत्ता द्या, मग मोफत पीडीएफ घ्या' हा सरळ सौदा झाला. मानसशास्त्रज्ञ डेनिस रीगन यांच्या १९७१च्या प्रयोगात शीतपेय आधी दिलं गेलं, तेही न मागता. सोडतीची तिकिटं घ्याल का, हे नंतर विचारलं. मी पीडीएफ खुली केली आणि खाली रकाना ठेवला. नोंदणी थोडी घटली, पण अंकाला उत्तर लिहिणारे वाचक इथूनच आले.

वाचकसंख्या लहान असेल तर ती मिरवू नका. एखाद्या वाचकाचं खरं मत, त्याला विचारून, लावा.

उलटी मोजणारी घड्याळं आणि नकार देणाऱ्याला खजील करणारी 'नको, मला शिकायचं नाही' असली बटणं यांना माझा ठाम विरोध आहे. वार्तापत्र काही संपत नाही, मग घाई कसली? शिवाय दबावाखाली आलेला माणूस पुढे स्पॅमचं बटण दाबतो. मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांनी स्पॅम-तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्यात, असा जीमेलचा फेब्रुवारी २०२४ पासूनचा नियम आहे. तक्रारी वाढल्या की आवडीने वाचणाऱ्यांना पाठवलेले अंकही स्पॅममध्ये जाऊ लागतात.

किती जणांनी ईमेल उघडला, या आकड्यावर विसंबू नका. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेला ईमेलही उघडल्यासारखा दिसू शकतो. मी क्लिक, उत्तरं आणि काही अंकांनंतर उरलेले वाचक पाहतो.

सध्या बटणाच्या वर तीन गोष्टी लिहिल्या आहेत: काय येईल, केव्हा येईल, बंद कसं करायचं. इतर काही करायला वेळ नसेल, तर निदान एवढं आजच करा.