पंधराव्या वर्षातली कूपे आणि मुंबईचा एक अख्खा पावसाळा

गाडी जर्मन बनावटीची, दोन दारांची कूपे. २.० लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, नोंदणी २०११ ची, पूर्ण तयार होऊन परदेशातून आलेली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर घेतली, मी तिसरा मालक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जी दुखणी सांगणार आहे ती वयाची आणि मुंबईच्या हवेची आहेत. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही युरोपीय कूपेत ती थोड्याफार फरकानं तशीच निघतील.

मुद्द्याचं आधी सांगतो. अशा गाडीची जाहिरात दिसली की आपण हॉर्सपॉवर, किलोमीटर आणि रंग बघतो. मुंबईत राहणाऱ्यानं सगळ्यात आधी पाणी बघावं. ते कुठून आत येतं, कुठून बाहेर पडतं आणि त्याला अडवणारं रबर अजून किती मऊ आहे. इंजिनाचं काम करणारे हात इथे मिळतात, सुटे भागही मिळतात. पण चार वर्षं कार्पेटखाली पाणी मुरलेली गाडी कुठलाही मिस्त्री पूर्ण बरी करू शकत नाही.

घेण्याआधी अंधेरीपासून नेरुळपर्यंत बऱ्याच गाड्या बघितल्या. प्रत्येक ठिकाणी पहिलं काम एकच, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. आतल्या टोकाला चिखलाची पुसट रेघ असेल तर तिथूनच नमस्कार. मग सीट मागेपुढे करून रुळांवरचा गंज, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूचे स्क्रू. २९ ऑगस्ट २०१७ ला शहर तुंबलं तेव्हा या वयाच्या गाड्या सहा-सात वर्षांच्या होत्या आणि त्यातल्या अनेक सोसायट्यांच्या तळघरांत उभ्या होत्या. एक लालभडक, काचेसारखी चमकणारी गाडी फार आवडली होती. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान असतो, तिथे मागच्या चाकावरच्या पत्र्यावर आकडा ५०० च्या पुढे गेला. म्हणजे खाली पुट्टी. तीही सोडली.

जी घेतली तिचा रंग फिका पडलेला होता, पुढच्या बंपरवर ओरखडे होते, छताचं कापड मागच्या काचेपाशी लोंबत होतं. पण तिच्यासोबत बिलांची जाड फाइल आली. प्रत्येक सर्व्हिसचं किलोमीटर त्या फाइलीत क्रमानं चढत गेलेलं आणि गिअरबॉक्सचं तेल ६०,००० ला बदलल्याची नोंद. सहा गिअरच्या या ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या प्रकाराला तो बदल वेळेवर लागतोच. क्लचच्या झिजेचा कचरा त्याच तेलात फिरतो आणि गिअर टाकणाऱ्या व्हॉल्व्हच्या संचापर्यंत जातो. त्या संचाची दुरुस्ती हे या गाड्यांतलं सगळ्यात महाग काम. म्हणून मी त्या एका बिलाला नव्या रंगापेक्षा जास्त किंमत दिली, आणि आजही देईन. गाडी नऊ लाखांच्या आसपास पडली.

कागदपत्रांचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या, कर्जाचा बोजा उतरल्याची आरसीवर नोंद, थकलेली ई-चलानं त्याच्याकडूनच भरून घेणं. विकत घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज करायचा असतो. विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षीचा हप्ता आधी धरून ठेवावा. या वयाच्या गाडीला झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे भागांच्या वयापोटी पैसे न कापणारा विमा, सहसा देत नाहीत. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर दाव्यातून निम्मे पैसे वजा होतात, आणि जुन्या कूपेचं निम्मं दुखणं त्याच दोन वस्तूंत असतं.

आता पाणी. विंडशील्डच्या खाली, वायपरच्या मुळाशी एक पन्हळ असते. काचेवरचा सगळा पाऊस तिथे उतरतो आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातो. भोकांना रबराच्या चोची असतात. गाडी जर गुलमोहराखाली उभी राहत असेल, आणि मुंबईत कुठली गाडी राहत नाही, तर त्याची बारीक पानं त्या चोचींत जाऊन बसतात आणि वर धूळ साचून त्यांचा लगदा होतो. पन्हळ भरते, पाणी एसीच्या फिल्टरच्या वाटेनं आत शिरतं आणि डाव्या सीटच्या पायाखाली उतरतं. वरून कार्पेट कोरडं दिसतं कारण पाणी फोमनं पिऊन घेतलेलं असतं. त्याच्याच खाली वायरिंगचे जोड असतात. मग काचा आपोआप उतरतात, रात्रीत बॅटरी बसते, डॅशबोर्डवर कसलेही दिवे लागतात आणि लोक इलेक्ट्रिशियनकडे खेटे घालत राहतात.

भांडुपला एलबीएस मार्गालगतच्या माझ्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेण्याआधीच त्या पन्हळीवरचं झाकण उघडलं. "दादा, आवाज-बिवाज नंतर बघू. आधी हिचं गटार साफ करू," म्हणाले. मूठभर लगदा निघाला. दोन्ही सीटा काढल्या, कार्पेट उचललं, फोम दाबला तर बोटं ओली झाली, पण जोडांवर हिरवी पूड नव्हती. म्हणजे वेळेत सापडलं. फोम कडक उन्हात वाळवला, चोची बदलल्या, जोड क्लीनरनं धुऊन घेतले. खर्च किरकोळ, काम दोन दिवसांचं. या गाडीवर आजवर झालेलं सगळ्यात मोलाचं काम मी यालाच म्हणतो. जूनपासून दर रविवारी ते झाकण उघडून हात फिरवतो. अख्खा पावसाळा गेला, कार्पेट कोरडं आहे.

दारांची गोष्ट वेगळी. बहुतेक कूपेंच्या काचेला वर चौकट नसते. हँडल ओढलं की काच साधारण सेंटीमीटरभर खाली येते, दार लागलं की वर चढून छताच्या रबरात बसते. हे सगळं दाराच्या कुलपातल्या एका छोट्या स्विचवर चालतं. तो दमला किंवा बॅटरी कमजोर झाली की काच खाली येत नाही आणि दार उघडताना रबर फाडत जाते. माझ्या उजव्या दाराचा स्विच गेला होता, कुलूपच बदलावं लागलं. दोन्ही बाजूंची रबरं वाळून टणक झाली होती, मोठ्या सरीत खांद्यावर थेंब पडायचे. ती परदेशातून मागवली, यायला दोन महिन्यांच्या वर लागले. आता महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीस लावतो. खाऱ्या हवेत हे चुकवून चालत नाही.

सुट्या भागांचं गणित इथेच कळतं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शनचे बरेच भाग त्याच समूहाच्या सेडान गाड्यांत आहेत आणि त्या गाड्या आपल्याकडे भरपूर विकल्या गेल्या. त्यामुळे ऑपेरा हाउसच्या दुकानांत लिंक रॉड, लोअर आर्म, इग्निशन कॉइल, थर्मोस्टॅट बहुतेक वेळा त्याच दिवशी हातात पडतं. वापरलेला पण चालू भाग हवा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालायचा. पण दार, मागची बाजूची काच, टेललाइट आणि रबर फक्त कूपेचं. ते सहज मिळत नाही आणि मिळालं तर आयात शुल्कासकट मिळतं. म्हणून इंजिनाला थोडं काम असलेली पण काचा, दिवे आणि रबर धड असलेली गाडी मी उलट प्रकारच्या गाडीपेक्षा केव्हाही आधी घेईन.

इंजिनाचं काम तसं ठरलेलं होतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल कधी पडतच नाही आणि ते धुतले जात नाहीत. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली तेलाची वाफ मात्र तिथून जाते आणि काजळी होऊन चिकटते. सकाळी थंड इंजिन थरथरायचं ते यामुळेच. हवा आत नेणारा मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारून व्हॉल्व्ह साफ केले. टरफल काजळी खरवडण्याइतकं कडक आणि धातूला ओरखडा न जाण्याइतकं मऊ असतं. सोबत क्रँककेसच्या वाफेचा व्हॉल्व्ह, चारही कॉइल, प्लग आणि गळणारं थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक घर बदललं. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर आधीच्या मालकांनी बदललेला होता, फाइलीत बिल होतं. या वयाच्या चेनवाल्या टर्बो इंजिनात हे बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

इंजिन ऑइल मी ७,५०० किलोमीटरला बदलतो. पुस्तकात १५,००० लिहिलंय, पण मुलुंड ते बीकेसी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या टर्बोला ते अंतर मानवत नाही.

पेट्रोलचा प्रश्न खरा आहे. आता पंपावर साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज थोडं उतरतं. ते मला चालतं. काळजी रबराची आहे, काही जुन्या गाड्यांत रबरी भाग लवकर बदलावे लागतील हे सरकारनंही सांगितलंय. इंधनाचे कमी दाबाचे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या अस्तराचे टाकून घेतले, पंपाजवळचे ओ-रिंग बदलले. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर इथेनॉल टाळण्यासाठी १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरतो. लिटरमागे बरेच जास्त पैसे जातात, पण टाकीत पाणी ओढणारं मिश्रण पडून राहण्यापेक्षा ते परवडलं. शहरात लिटरला आठ-नऊ किलोमीटर मिळतात.

चालवताना सगळ्यात जाणवलेला बदल चाकांचा. गाडी २४५/४० आर१८ टायरवर आली, म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्यांवरून टायर २०१६ सालचे निघाले. नक्षी भरपूर शिल्लक, रबर मात्र पार लाकूड झालेलं. १७ इंची मूळ रिम वापरलेल्या मिळाल्या, त्यांवर २४५/४५ बसवले. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, मिलिमीटरभराचा फरक, पण टायरची भिंत ९८ ची ११० मिलिमीटर होते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ऑगस्टमधल्या खड्ड्यांत या १२ मिलिमीटरनी रिम वाचवल्या. खालच्या आर्मचे बुश, स्ट्रटच्या वरचे माउंट आणि इंजिनाचे माउंट नवे घातल्यावर डॅशबोर्डचा खडखड आवाज गेला. लोक तो प्लॅस्टिकचा समजतात. तो बहुतेक वेळा खालून येतो.

रोजच्या जगण्यात ती अडचणीची आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. दारं लांब, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी थोडी तिरकी लागली की आत शिरता येत नाही. मागच्या सीटवर माझी आठ वर्षांची मुलगी बसते, आई-बाबांना घेऊन कुठे जायचं असेल तर दुसरी गाडी लागते. यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात नाक घासतं. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे या वाटा पावसाच्या दिवशी माझ्यासाठी बंद. हवा ओढण्याचं तोंड इतकं खाली आहे की गुडघाभर पाण्यात इंजिन पाणी गिळेल.

आणि तरीही रविवारी पहाटे अटल सेतूवर ती १०० च्या मर्यादेत स्थिर धावते तेव्हा स्टिअरिंगमधून रस्त्याचा पोत हाताला कळतो. एकूण २१.८ किलोमीटरपैकी साधारण साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून, तिथे उजवीकडे-डावीकडे फक्त खाडी. जुन्या हायवेनं खंडाळ्याचा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना जे मिळतं, त्यासाठीच मी हा सगळा खटाटोप केला आणि ते मला पुरेपूर मिळालं. खाली बसणं, लांब बॉनेट, मागे उतरत गेलेलं छप्पर. लहानपणापासून ज्या आकारावर जीव होता तो आज दाराशी उभा आहे.

दुरुस्तीला आजवर सव्वातीन लाखांच्या घरात गेले. त्यात टायर-रिम आहेत, रंग नाही. रंग शेवटी ठेवला आहे, आणि मूळ रंगच देणार. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण होतात, म्हणजे पुन्हा पासिंग. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये शुल्क आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. पुढची नोंदणी पाच वर्षांची. २०१०-११ ची आयात कूपे आज स्वस्तात दिसत असेल तर त्यात हे एक कारण असतं, सौद्यात ते बोलून घ्यावं. माझा फॉर्म २५ भरून तयार आहे. नवी सुरक्षा नंबरप्लेट लागली, पीयूसी ताजं आहे. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून पॉलिश करणं आणि हँडब्रेकची केबल ताणून घेणं, एवढं तपासणीआधी उरलंय. छताचं कापड त्यानंतर.