पीट की जेक?

हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी बदलून वेगवान केलेली; या दुनियेतले हे दोघे. दोघांकडेही 1934 ची फोर्ड कूप (दोन दारांची बंद गाडी), दोघांचीही टपं कापून बुटकी केलेली. 1973 मध्ये या दोन गाड्या एकाच मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या. वर्षभरात पीट चपूरिस आणि जिम 'जेक' जेकब्ज यांनी कॅलिफोर्नियात भागीदारीत हॉट रॉडच्या सुट्या भागांचं दुकान थाटलं.

पीटची गाडी काळी, बॉनेटवरून मागे पळणाऱ्या रंगवलेल्या ज्वाळांची, जेकची पिवळीधमक. पुढे पीटनं अ‍ॅलेक्स झिडियासच्या 1946 सालच्या सो-कॅल स्पीड शॉप या हॉट रॉडच्या दुकानाचं नाव पुन्हा बाजारात आणलं. धंद्याची नस त्याला सापडली होती.

जेकनं मात्र त्याआधीच बिल नीकँपनं बनवलेली जुनी रोडस्टर (उघड्या टपाची गाडी) पूर्ववत केली होती. 1950 च्या ओकलंडमधल्या रोडस्टर प्रदर्शनात पहिली आलेली हीच ती! जुन्या हॉट रॉडला तेव्हा विचारतो कोण? माझं मत जेकला, ज्वाळा कितीही देखण्या असल्या तरी.