मर्लिन बर्ड आयडी: नागपुरात टकाचोर ओळखायला कितपत कामाचं?

सेमिनरी हिल्सच्या झाडीत तांबूस अंगाचा, काळपट डोक्याचा, वीतभराहून लांब शेपटीचा पक्षी दिसला की अनेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं भारद्वाज. असतो तो टकाचोर. गंमत म्हणजे भारद्वाजाला कुंभारकावळा, सोनकावळा म्हणतात, पण तो कोकिळेच्या कुळातला. कावळ्यांचा खरा भाऊबंद टकाचोरच. हा घोळ मर्लिन बर्ड आयडी हे अ‍ॅप सोडवतं, पण त्याला माहिती नीट भरवली तरच.

अ‍ॅप अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं आहे, फुकट आहे. आधी भारताचा पॅक, म्हणजे इथल्या पक्ष्यांच्या माहितीचा संच, उतरवून घ्या. तो शेकडो एमबीचा असतो, म्हणून घरच्या वायफायवरच. पॅक असला की पेंचच्या जंगलात नेटवर्क गेलं तरी काम अडत नाही.

फोटो नसेल तर अ‍ॅप पाच गोष्टी विचारतं: कुठे, केव्हा, केवढा, कोणते रंग, काय करत होता. यात ‘केवढा’ हीच खरी फसगतीची जागा. मापाला चिमणी, रॉबिन, कावळा आणि हंस असे टप्पे दिलेत, मध्ये अधलेमधले पर्याय. अ‍ॅपमधला हा रॉबिन अमेरिकेतला, सुमारे 25 सेंटीमीटरचा, म्हणजे आपल्या मैनेएवढा. आपल्याकडचा चिरक, ज्याला इंडियन रॉबिन म्हणतात, जेमतेम 16 सेंटीमीटरचा. तो डोळ्यांपुढे ठेवून माप निवडलं की पुढची यादीच चुकते. टकाचोराची दुसरी अडचण शेपटीची. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत तो 46 ते 50 सेंटीमीटर भरतो, त्यातले 30च्या आसपास नुसती शेपटी. शेपटी सोडून नुसतं अंग बघणारा ‘रॉबिनएवढा’ म्हणतो, लांबी बघणारा ‘कावळ्याएवढा’. दोन्ही मापं टाकून दोनदा शोधा. दोन मिनिटं जास्त जातात, पण पक्षी निसटत नाही.

रंग तीनच निवडता येतात. टकाचोरासाठी तांबूस, काळा, राखाडी. जागा नागपूरच टाका. यादी त्या भागातल्या, त्या दिवसांतल्या ई-बर्डवरच्या (पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात ते संकेतस्थळ) नोंदींवर बेतलेली असते. चुकून डेहराडून राहिलं तर हिमालयातला राखी टकाचोर वर येऊन बसेल.

पर्याय समोर आले की ताडून बघायचं काम आपलं. भारद्वाजाचा हिशेब टकाचोराच्या नेमका उलटा: अंग काळं, पंख तांबूस, डोळे लालभडक, शेपटी काळी. टकाचोराचं अंग तांबूस, पंख काळे आणि त्यावर मोठा पांढुरका पट्टा, शेपटी राखाडी आणि टोक काळं. भारद्वाज जमिनीवर, झुडपांत चालत किडे शोधतो. टकाचोर फांद्यांवरच जास्त.

फोटोवरून ओळख हा अ‍ॅपचा सगळ्यात भरवशाचा भाग, पण फोटो उजेडाच्या बाजूने काढलेला हवा. चौकटीत पक्षी भरेल इतका झूम करा, नुसती फांदी नको. मागे लख्ख आकाश असेल तर सगळेच पक्षी काळे होतात, आणि अशा सावलीवरून गावकावळा आणि डोमकावळा वेगळे करण्याची अपेक्षा कुठल्याच अ‍ॅपकडून ठेवू नये. तिथे डोळे वापरा: गावकावळ्याची मान राखाडी, डोमकावळा पूर्ण काळा, चोच जाड आणि वरून बाकदार, आवाज घोगरा. डोमकावळा कितीही दांडगा वाटला तरी नागपुरात रेव्हन, म्हणजे त्याहून मोठा काळा कावळा, शोधू नका. तो हिमालयातला आणि वायव्येकडच्या कोरड्या मुलखातला. नर कोकीळही काळाच, पण चोच फिकट हिरवट आणि डोळा लाल.

आवाजावरून ओळख आकर्षक आहे, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. टकाचोर एकाच बैठकीत खरखरीत कलकलाट करतो आणि लगेच ‘कोकीली’ असं गोड, घंटेसारखंही बोलतो. पेंचसारख्या जंगलात भृंगराज हा पक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, त्यामुळे आवाजावरून आलेलं नाव पक्षी दिसल्याशिवाय पक्कं धरू नका. शहरात हॉर्न आणि एप्रिल-मेमधले कोकीळ बाकीचे आवाज दाबून टाकतात. सकाळी सहा-साडेसहाला, रस्त्यापासून आत जाऊन रेकॉर्ड करा. नाव आलं की त्यावर टॅप करून अ‍ॅपमधला नमुना ऐका, मात्र कानात इअरफोन घालूनच. एप्रिल-मेमध्येच टकाचोराची घरटी असतात, आणि मोठ्याने वाजवलेल्या आवाजाला दुसरा टकाचोर समजून तो अंडी सोडून धावून येऊ शकतो.