‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणाऱ्याला मी ७२,९०० रुपये दिले

क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी अंगावर आहे आणि आता घरासाठी कर्ज हवंय, अशा प्रत्येकानं हे वाचावं म्हणून लिहितोय. मी नाशिकचा, सातपूर एमआयडीसीत नोकरीला. ज्या एका कागदावर विश्वास ठेवून मी पैसे दिले, तसाच कागद उद्या तुमच्याही हातात कुणी ठेवेल.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पगार थांबला तेव्हा कार्डावर ६२,००० रुपये बाकी होती. त्याआधी कित्येक महिने मी फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत होतो आणि हप्ता वेळेवर जातोय या समाधानात होतो. आकडेमोड फार उशिरा केली. ६२,००० वर पाच टक्के म्हणजे ३,१०० रुपये मी भरायचो. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज २,१७०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९०. मुद्दल उतरायचं जेमतेम ५४० रुपयांनी, आणि त्याच कार्डावर किराणाही चालूच होता. पगार थांबल्यावर तेवढंही भरणं बंद झालं. वसुलीवाल्यांच्या फोनला कंटाळून मी सिमकार्ड बदललं. ते करायला नको होतं. त्यानंतर बँकेचा एकही निरोप माझ्यापर्यंत पोचला नाही.

२०२३ मध्ये पाथर्डी फाट्याला एक फ्लॅट पाहिला. कर्जासाठी सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा अहवाल, काढलं तर स्कोअर ९०० पैकी ५४८ आणि कार्डासमोर ‘रिटन ऑफ’. मला वाटलं, बँकेनं पैसे सोडून दिले. तसं नसतं. बँक आपल्या वह्यांत ती रक्कम बुडीत धरते, आपलं देणं तसंच राहतं. पण हे तेव्हा समजावून सांगायला कुणी नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

मेहुण्यानं एका ऑफिसचा नंबर दिला. कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर काचेची केबिन, भिंतीवर ३०० ते ९०० चा रंगीत काटा. समोरचा मुलगा फार आदबीनं बोलायचा. “दादा, टेन्शन घेऊ नका. पंचेचाळीस दिवसांत सातशे पन्नासच्या वर नेतो. आमची आत सेटिंग आहे.” नोंदणीचे ५,९०० घेतले, पाच हजार अधिक जीएसटी. पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता, हे घरी गेल्यावरही माझ्या लक्षात आलं नाही. मग आधार, पॅन, कार्डाचं जुनं स्टेटमेंट आणि मोबाईलवर आलेला ओटीपी.

त्या ओटीपीवर त्यांनी माझ्या नावानं सिबिलचं खातं उघडलं, ईमेल मात्र स्वतःचा टाकला. त्यातून तक्रार केली की हे कार्ड माझं नाहीच. तक्रार गेली की त्या नोंदीवर वाद सुरू असल्याचा शेरा दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट पाठवून “बघा दादा, काम चालू झालं” म्हणाले आणि १२,००० घेतले. बँकेनं पडताळणीत कार्ड माझंच असल्याचं कळवलं, शेरा गेला, नोंद होती तिथेच राहिली. सिबिल स्वतःच्या मनानं काही लिहीत नाही आणि पुसतही नाही. बँक जे कळवते तेच तिथे दिसतं. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. खरी नोंद पैसे घेऊन कुणीही काढू शकत नाही. ‘आत सेटिंग’ हे शब्द ऐकले की उठून बाहेर या.

आता तो कागद. महिनाभरानं फोन आला, बँक ५५,००० मध्ये सेटलमेंटला तयार आहे, ऑफर तीनच दिवस. व्हॉट्सअॅपवर पत्र आलं. वर बँकेचा लोगो, माझं नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे अगदी बरोबर. बरोबर असणारच, स्टेटमेंट मीच दिलं होतं. खाली शिक्का आणि सही. पण मोठं करून पाहिलं तर लोगोच्या कडा फुटलेल्या होत्या, संपर्काचा ईमेल जीमेलचा होता, आणि पैसे भरायला एका माणसाच्या नावाचा यूपीआय होता. मी विचारलं तर म्हणाले, “ते बँकेचं कलेक्शन अकाउंट आहे.”

आईनं पाटल्या काढून दिल्या. पतसंस्थेत गहाण ठेवून त्याच संध्याकाळी मी ५५,००० पाठवले.

दोन महिने उलटले तरी ‘नो ड्यूज’, म्हणजे काही बाकी नसल्याचं बँकेचं पत्र, येईना, म्हणून पत्र घेऊन शाखेत गेलो. तिथल्या मॅडमनी ते एकदाच वाचलं आणि म्हणाल्या, “हे आमचं नाही. तुमच्या खात्यावर एक रुपयाही जमा नाही.” बाकी १,१२,००० झाली होती. अहवालात माझ्या नावावर नवे पाच कर्जअर्जही निघाले. त्या ऑफिसनंच कुठे कुठे टाकलेले. प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

त्यानंतर जे केलं ते आधीच करायला हवं होतं आणि त्याला फी लागत नाही. देशात कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. बँकेनं माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले, कमी रकमेत सेटलमेंट किंवा हप्त्यांत पूर्ण भरणा. सेटलमेंट केलं की अहवालात ‘सेटल्ड’ लागतं, आणि घरकर्ज देणारे त्याकडे पूर्ण पैसे न फेडलेला माणूस म्हणून बघतात. मी दहा हप्ते घेतले, तेही आधी लेखी घेऊन. पैसे थेट कार्डाच्या खात्यावर भरले. तुमच्याकडे असं पत्र असेल तर कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा, पत्रावरच्या नंबरवर नको.

नो ड्यूज मिळूनही अहवालात बाकी दिसतच होती. सिबिलकडे स्वतः तक्रार टाकली, पत्र जोडलं. तीस दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझं काम मुदतीत झालं. बँक दाद देत नसेल तर तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, माहितीसाठी फोन १४४४८. आता १५,००० च्या एफडीवर घेतलेलं छोटं कार्ड वापरतो, पेट्रोलपुरतं, आणि बिल पूर्ण भरतो. स्कोअर ६९१ वर आलाय, हळूहळू. पंचेचाळीस दिवसांत तर नाहीच.

फसवणुकीची तक्रार मात्र मी चार महिने केली नाही. आईला काय सांगू, ऑफिसात कळलं तर काय, याच विचारात. शेवटी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, मग सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी यूपीआयची तारीख पाहिली आणि विचारलं, “त्याच दिवशी का नाही केलात फोन?” लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. माझे तोवर तीन खाती ओलांडून काढून घेतले होते. तुम्ही पहिला हप्ता दिला असेल तर दुसरा देऊ नका, आणि १९३० वर आजच फोन करा. चॅट, पावत्या, ते पत्र, काहीही डिलीट करू नका. माझ्या तक्रारीत उपयोगी पडलं ते तेवढंच.