आठ महिन्यांनंतर: जुनी फायबर होडी आणि ९.९ चं मशीन

गणपती गेल्यावर सप्टेंबरात मी सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या खाडीसाठी जुनी होडी घेतली. वीस फुटी फायबर, सहा वर्षं वापरलेली, सोबत यामाहाचं ९.९ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक मशीन. मागणी १ लाख ६० हजारांची होती, १ लाख ३८ हजारांना सौदा झाला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून मेअखेर होडी वर ओढली. आठ महिने आम्ही दोघे भाऊ आठवड्यातून तीन-चारदा जाळं आणि गरी घेऊन जात होतो. जुनी होडी बघायला निघालेल्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय.

आधी मशीन, कारण तिथे मी नीट लक्ष दिलं होतं. मालकाला फोनवरच सांगितलं होतं, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या हेडवर तळहात ठेवून पाहिला, गार होता. गरम मशीन कुणाचंही दोरीच्या एका ओढीत लागतं. गार असताना तिसऱ्या ओढीला लागलं, ते मला पुरेसं वाटलं. ओळखीच्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचं घड्याळ, नेला होता. दोन सिलिंडरचे आकडे ११० आणि १०५ आले. नुसता आकडा मोठा असून भागत नाही, दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. मशीन पाण्यात चालू असताना मागच्या भोकातून पाण्याची धार सलग पडते का तेही पाहिलं. ती तुटक पडली तर इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणारा आतला रबरी पंखा) गेलेला असतो किंवा वाटेत मीठ साचलेलं असतं.

मग खालच्या गिअरचा स्क्रू ढिला केला. तेल किंचित दुधाळ निघालं, म्हणजे आत पाणी जात होतं. पंखा काढला तर शाफ्टभोवती तंगुसाचे (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे) वेढे आवळून बसले होते आणि त्यांनीच सील कापलं होतं. सील स्वस्त आहे, पण त्या दुधाळ तेलावरच पुढे वर्ष काढलं असतं तर गिअर गेले असते. भाव कमी झाला तो मुख्यतः यामुळे. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी पंखा काढून शाफ्ट बघतो. आठ महिन्यांत दोनदा तंगूस निघाला.

आता माझी चूक. आमच्या वाडीतले एक म्हातारे रापणकर (किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे) काका निघताना म्हणाले होते, "झिला, मशीन मागसून बघ. आदी फळी वाजवन् बघ." मी होडीचा तळ वाजवला, कडा वाजवल्या, पण मागची फळी, जिला मशीन अडकवतात ती, नवा रंग दिलेली होती आणि मी तिच्यावरून नुसता हात फिरवला.

जानेवारीत मशीन चालू असताना हँडल जास्त थरथरायला लागलं. वेग वाढवला की मशीन मागे झुकल्यासारखं व्हायचं. होडी किनाऱ्यावर घेऊन हातोडीच्या दांड्याने फळी वाजवली. कडेला 'टण' आणि बोल्टांच्या आसपास 'भद', ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. एका जागी ड्रिल घातलं तर उकळून टाकलेल्या चहाच्या पावडरीसारखा काळपट ओला भुसा बाहेर आला. फायबर दोन्ही बाजूंनी शाबूत होतं, आतलं प्लायवूड कुजलं होतं. जुन्या बोल्टांची भोकं सीलंट न लावता सोडलेली, तिथून पाणी वर्षानुवर्षं मुरत गेलेलं. खाडीच्या तोंडावर सुकतीच्या (ओहोटीच्या) लाटांत ती फळी सुटली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

दुरुस्तीला नऊ दिवस आणि १४ हजार गेले. आतलं फायबर कापून सगळं कुजलेलं लाकूड खरवडून काढलं. मग तीन दिवस उन्हात वाळू दिलं, कारण ओल्यावर रेझिन धरत नाही. मरीन प्लायचे दोन थर चिकटवून त्यावर फायबरची मॅट चढवली, आणि यावेळी प्रत्येक भोकात सीलंट भरून घेतलं. हे काम स्वतः उभं राहून करून घ्या. विकत घेताना मी दांड्याचे चार ठोके मारले असते तर हे पैसे भावातून वजा झाले असते.

वापराबद्दल. पेट्रोल तासाला साधारण साडेतीन लिटर. दहा लिटरला २०० मिली ऑइल, तेही पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. मोटारसायकलचं टूटी ऑइल घालू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल धरतं. म्हणून टाकीत जुनं पेट्रोल ठेवत नाही. दोन दिवस जायचं नसेल तर नळी काढून मशीन आपोआप बंद होईपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवणं कधी चुकवलेलं नाही. नळी आणि तिचा रबरी फुगा मी सुरुवातीलाच बदलला.

कागदपत्रांत होडीचा नोंदणी क्रमांक आणि मशीनवरचा सिरियल नंबर बिलाशी जुळवून घेतला. मच्छिमार सोसायटीचं कर्ज बाकी नसल्याचं पत्रही मागितलं. नाव बदलायला मत्स्यव्यवसाय कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. तोवर मी होडी पाण्यात घातली नाही.

होडी आता माडाच्या झापांखाली आहे. तळाचं बूच काढलंय आणि नाळ (पुढचं टोक) वर ठेवलीय, म्हणजे पावसाचं पाणी फळीशी साचत नाही. मशीन घरात उभंच ठेवलंय. काल काकांनी येऊन नवी फळी वाजवून पाहिली, सगळीकडे सारखा आवाज आला.